बदलीवाल्याचा खाडा

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

शनिवारी तुझा भाऊ गोलकीपर झाला होता. हसू नकोस. आमच्या गोलकीपरला पंचांनी मैदानाबाहेर काढलं, नवा खेळाडू उतरवायची सोय उरली नव्हती, तेव्हा प्रशिक्षकांनी हातमोजे माझ्याकडे फेकले. गोल एकच खाल्ला.

बाबांना सांग, त्यांचीच विद्या कामी येते आहे. कारखान्याच्या फाटकाशी बदली कामगार म्हणून उभं राहायचं तर सगळी यंत्रं चालवता आली पाहिजेत, असं ते म्हणायचे. माझ्याहून सरस मुलं घरी गेली. मी नऊ वर्षं टिकलो, कारण राखीव बाकावर जागा पाच आणि मी एकटा चौघांच्या जागी चालतो. करार मात्र याच महिन्यात संपतो, वीस तारखेच्या सामन्यानंतर काय ते ठरेल. बत्तिसाव्या वर्षी काढलं तर दुसरं कुणी दारात उभं करणार नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? खरं लिही. म्हणशील तर उद्याच निघतो.

माया आहे तशी राहू दे.

धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

गोलकीपरचं ऐकून बाबा इतके हसले की उबळच आली. एरवी बरे आहेत. दोन्ही वेळा जेवतात. वर्तमानपत्रातलं खेळाचं पान आधी काढून घेतात आणि तुझं नाव सापडलं नाही की छापणाऱ्याला आंधळा म्हणतात.

तू येऊ नकोस, असा त्यांचा निरोप आहे. बदलीवाल्याने एक खाडा केला की यादीत नाव तळाला जातं, हे तुला पाठच आहे. आई आजारी होती तेव्हाही ते फाटकाशी उभे होते.

गुडघा शेकत जा. आम्हाला विसरू नकोस.

ताई

२१ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

बाबा, दोन वर्षांचा करार मिळाला!

काल मला उतरवलंच नाही. तीनदा अंग गरम केलं, तीनदा परत येऊन बसलो. पण नंतर प्रशिक्षक म्हणाले की गोल करणारे पुष्कळ मिळतात, कुठेही उभा राहणारा मिळत नाही. तुम्ही तीस वर्षं बदलीत काढलीत, तुम्हाला कुणी कायम केलं नाही. मला दोन वर्षांपुरतं तरी केलं.

रविवारी येतो. ते हातमोजे दाखवायला आणतो.

तुमचा हात डोक्यावर असाच असू द्या.

धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास,

बाबांच्या नावचं तुझं पत्र मीच फोडलं. बाबा सतरा तारखेला गेले.

माझं मागचं पत्र खोटं होतं. त्यांनी उशाशी बसवून लिहून घेतलं. जेवण तर त्याआधीच सुटलं होतं. सामना होईपर्यंत तार करायची नाही, अशी शपथही घातली. एकवीसला मी तारघरात गेले, पण चार शब्द सुचेनात, तशीच परत आले. शेवटचं सगळं मी एकटीने केलं. तू नव्वद मिनिटं नुसता बसून होतास हे वाचलं आणि कागद चुरगाळून टाकला. राग तुझा आला, त्यांचा आला, माझाही आला.

सोळाच्या दुपारी त्यांनी विचारलं, पोराला कायम केलं का. मी हो म्हटलं. मग विचारलं, कुठल्या जागेवर. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

रविवारी ये. हातमोजे आण, मला बघायचे आहेत.

माझ्यावर माया उरली असेल तर राहू दे.

ताई