मिशमिशचा रोजा

शाबान २७

आज पुन्हा नाही! मेलेला उंदीर गरम पाण्यात बुडवून ऊन केला, शेपटीला धरून तोंडापुढे नाचवला. मिशमिशने जीभ काढली, अंदाज घेतला आणि सरळ पेटीतल्या लाकडाखाली निघून गेला. एरवी कसा झडप घालतो मेला!

खालून हाज्जी बरहूम ओरडले — "इन्शिराह! ईदला एक तर तो साप घराबाहेर, नाहीतर तू!" घरमालक ना, बोलणारच. पण मांजर पाळलं असतं तर मी शिवते त्या नववधूंच्या झग्यांवर केसच केस. कुत्रा पाळला असता तर नापाक झाला म्हणून हाज्जींनी जिना सात वेळा धुतला असता. हा बिचारा बिनविषारी, ना भुंकत ना केस झाडत. सोडून गेलेल्या नवऱ्यापेक्षा शंभरपट बरा!

रमजान १

जिन्यात शेजारच्या शौकतची आई भेटली. "काय गं, काय खातो तुझा तो?" मी आधीच वैतागलेली, त्यात घसा कोरडा. म्हटलं, "काही नाही खात! रोजा आहे त्याचा!"

रमजान ३

काय करून बसले मी! तिला ते खरंच वाटलं. अख्ख्या इमारतीत झालंय — इन्शिराहचा साप रोजे धरतो! दुपारी बायकांची ही गर्दी. शौकतची आई गेल्या महिन्यात सापाविरुद्ध सह्या गोळा करत होती. आज तीच पेटीपाशी उभी राहून — "बघा, समोर उंदीर पडलाय, पण ढुंकून बघत नाही. आणि आमचा शौकत! पोटात दुखतं म्हणून सोंग करतो!"

खरं सांगायला तोंड उघडलं, तर दारात हाज्जी. "हं," म्हणाले, "भाडेकरूंपेक्षा इमानी दिसतो." आणि गेले. बाहेर काढ म्हणाले नाहीत! मी तोंड मिटलं.

रमजान ८

सूर्य मावळून मगरिबची बांग झाली की दारावर टकटक. "सोडला का त्याने रोजा?" कोणी खजूर आणतं, कोणी गोड कतायफ, आज तर मसुराचं सूप! सगळं माझ्याच पोटात जातंय. माझेच कपडे मला उसवायला लागले.

मिशमिश? काही नाही.

रमजान १२

पहाटे सहरीच्या जेवणाला उठवणारा ढोलकं बडवत आला. पोरांनी त्याला पढवलं असणार. "ऊठ रे शौकत! ऊठ गं हुदा! ऊठ रे मिशमिश, अल्लाचं नाव घे!" उशीत तोंड खुपसून हसले. आणि हसता हसता रडूच आलं.

मरेल का तो? जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला होता. "बाई, मी मांजरं बघतो." ठेवला फोन. संध्याकाळी मशीनपाशी बसले की तो मनगटाला वेढा घालून पडून राहतो. तेव्हा घर घरासारखं वाटतं. मला तो हवाय. बस.

रमजान १९

कात टाकली! अखंड, डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट. नारंगी रंग कसा नवाकोरा! म्हटलं आता तरी खाईल. छे! उलट पोट मागच्या बाजूला फुगलंय. गाठ तर नसेल? शौकतच्या आईला दाखवलं. "अगं, रोज्याचं तेज आहे ते!"

तेज कसलं डोंबलाचं!

रमजान २४

हाज्जी वर आले. "ईदला त्याला सगळ्यांसमोर खाऊ घाल. खाल्लं तर राहू दे इथेच. नाही खाल्लं तर मी समजेन की तू आम्हा सगळ्यांना बनवलंस. मग तुम्ही दोघंही बाहेर!"

भूक नाही, पाणी नाही, झोप नाही. त्याला नाही — मला!

रमजान २९

अंडी!!

ओल्या शेवाळात, पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली. आणि तो — नव्हे, ती! — भोवती वेटोळं घालून निवांत. सापांच्या ढिगातून हिला काढून देताना बाजारातला तो लबाड, "नर आहे ताई, आईशपथ!" म्हणाला होता! रोजा नाही, आजार नाही, बाईसाहेब पोटुशी होत्या! मी खोलीभर नाचले.

मग भानावर आले. आता रोज्याची गोष्ट कशी चालवू? खाली गेले आणि हाज्जींना सगळं सांगून टाकलं. जिन्यातली थट्टा, माझं गप्प बसणं, अंडी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग दार लावलं.

कपड्यांचं बोचकं बांधतेय.

ईद

दारात हाज्जी, हातात ईदच्या बिस्किटांची थाळी, मागे अख्खी गल्ली. मी उंदीर पुढे केला. मिशमिशने झडप घातली! कधी गिळला कळलंसुद्धा नाही. टाळ्या, शिट्ट्या, शौकतच्या आईचे आनंदाचे चीत्कार!

हाज्जी मात्र माझ्यावरच डाफरले — "पोटुशीला रोजा माफ असतो, एवढंही सांगितलं नाहीस बिचारीला?" मग गल्लीकडे वळले. "ए, हळू बोला! बाळंतीण आहे घरात. हिला बाहेर काढा म्हणणारा कोण आहे, बघतोच मी!"