चौथा रकाना

गुरुजी, तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. पन्नाशी उलटली तरी किराण्याच्या यादीलासुद्धा मी समास सोडून उभ्या रेघा आखतो. बायको म्हणते, "साबणाला रकाना कशाला लागतो?" याला जबाबदार तुम्ही. संस्कृतचे धातू चुकले तर तुम्ही एकवेळ सोडायचात, वहीतली वाकडी रेघ कधीच नाही.

तुमच्या शब्दांच्या वह्याही तशाच आखलेल्या. शब्द, अर्थ, गाव, आणि चौथ्या रकान्यात सांगणाऱ्याचं नाव. सुट्टी लागली की आष्टीच्या बाजारात, शहागडला नदीकाठी बसून तुम्ही वाऱ्याचे, जोंधळ्याचे, गुरांच्या दुखण्याचे शब्द गोळा करायचात. सांगणाऱ्या बहुतेक खुरपायला जाणाऱ्या बाया. नाव विचारलं की त्या लाजायच्या. तुम्ही दोनदा विचारून लिहून घ्यायचात.

दोन हजार सालच्या सुमारास जुन्या जालन्यात मी संगणकावर टायपिंगची कामं घ्यायचो, तेव्हा त्या नऊ वह्या तुम्ही मला दिल्यात. चार महिने लागले. शेवटच्या दिवशी तुम्ही माझ्या पाठीमागे उभे आहात, चष्मा पुसताय. "काय करून राह्यला रे?" "झालं गुरुजी, चारही रकाने आत गेले." "बराबर गेले?" "बिलकुल." "मंग वह्या देतो रद्दीत. वाळवी लागलीय." मी अडवलं नाही.

चार दिवसांनी पुस्तिकेसाठी छापखान्यानं फक्त शब्द आणि अर्थ मागितले. संगणकाच्या काळ्या पडद्यावर 'कट' नावाची एक आज्ञा असते. फाईल दाखवायची, रकान्यांचे आकडे सांगायचे, तेवढेच ती काढून देते. मी सांगितलं, एक आणि दोन. नवी फाईल इतकी सुबक दिसली की तिला जुनीचंच नाव दिलं, आणि जुनी पुसली गेली. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. व्याकरणाच्या सूत्रात एक अक्षर वाचवता आलं तरी खूश होणाऱ्या गुरूचा मी शिष्य. मी अर्धी फाईल वाचवली.

पुस्तिका तुम्ही शेवटच्या पानापर्यंत उलटलीत. "सांगणारे कुठंयत रे?" मी म्हणालो, "जागा पुरली नाही गुरुजी, संगणकात आहेत." तुम्ही मान हलवलीत. "हायेत ना, मंग झालं." त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

गेल्या आठवड्यात शहागडची एक शिक्षिका घरी आली. तिची आजी दुसऱ्यांच्या शेतात खुरपायची. "आजी सांगायची, गुरुजींनी माझं नाव लिहून घेतल्तं. एकदा बघायचं होतं फक्त." मी कपाटात शोधल्यासारखं केलं. ती चहा न घेता गेली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते बरंच आहे. फाईल चुकून पुसली, हे खरं. पण ते त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. वह्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे, दोन गल्ल्यांपलीकडे, तसाच पडलेला होता. मी जातायेता बघायचो. थांबलो नाही. खुरपणाऱ्या बायांची नावं कोण विचारायला येणार, असं वाटलं. ती मुलगी आली नसती, तर मला आजही त्याचं काही वाटलं असतं की नाही, याचीच काळजी लागून राहिलीय.