समोरच्या घरी गेलेला डबा

शारजा, शुक्रवार, सायंकाळ

समोरच्या बिऱ्हाडाला पुरणपोळ्या देऊन दहा दिवस झाले. डबा अद्याप परत नाही. पुण्यात तो दुसऱ्याच दिवशी, आत काहीतरी घालून, परत आला असता. सूनबाई म्हणते, “बाबा, मॉलमधून दुसरा आणू ना!” दुसरा कसा आणणार? ही गेल्यावर पुण्याहून तेवढा एकच डबा मी सोबत आणला. त्यावर हिचे नाव कोरलेले आहे.

आज चिडून त्यांची घंटा वाजवली. दार उघडेना, म्हणून खाली वॉचमनला विचारले. तो म्हणाला, “बाबूजी, वो लोग खलास, घर छोड के गए.” पुण्यात शेजारी घर सोडणार हे महिनाभर आधी कळते, येथे समोरच्या दारातून सामान हलले, तरी आम्हांला पत्ता नाही!

त्यांचा फोन नंबर मागितला.

“नाम क्या था उनका?” वही उघडत त्याने विचारले.

दोन वर्षांत मी ते विचारलेच नव्हते.