ओट्याखालची नळी

प्रिय मैत्री,

आधी दार लावून बस आणि मग वाच. नागसेनला नंतर दाखव, दाखवायचंच आहे, पण पहिल्यांदा तू एकटीनं वाच. माझं अक्षर तुला लागतं. तूच म्हणायचीस की आबाजी, तुमच्या ओळी वाकड्या रिमच्या चाकासारख्या डुगडुगतात. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. गेल्या महिन्यात दोनदा तुला फोन आला असेल आणि पलीकडून कुणी बोललं नसेल. तो मी होतो. तुझा आवाज ऐकला की मी फोन ठेवून देतो. कागदावर निदान मधे थांबता येतं.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण तसं नाही. मागच्या दोन्ही खोल्या तुम्ही गेल्यापासून रिकाम्या आहेत, होळीला वर्ष होईल. स्वयंपाकघराला दोनदा चुना मारला, तरी ओट्यावरचा काळा डाग परत उमटतो. तू लावलेला कढीपत्ता माझ्या डोक्याच्या वर गेला. त्याचं करू काय, माझ्या एकट्याच्या वरणाला दोन पानं पुरतात. पहाटे पाचला अजून जाग येते. माझी बायको रुक्माबाई गेल्यावर पाच वर्षं तुझ्या सासूबाईंनी मधल्या खिडकीच्या कठड्यावर माझा चहाचा ग्लास ठेवला. ठेवताना एखादा टोमणा असायचाच. मी खोकलो की विमलबाई म्हणायच्या, "आबाजी, लोकायच्या सायकली दुरुस्त केल्या, आपलं पंक्चर काऊन नाई काढत?" आता लाइटच्या शेगडीवर मीच चहा करतो, ग्लास त्याच कठड्यावर नेऊन ठेवतो आणि तिथूनच उचलून पितो. वेडेपणा आहे, पण तसा प्याला तरच तो चहा वाटतो.

परवा सुधाकरराव मास्तर वांकिडीहून आले होते. तुमच्या गल्लीत राहतात, तुझ्याच शाळेत शिकवतात, म्हणून मी त्यांना बळेच बसवून घेतलं. म्हणाले, विमलबाईंचा चेहरा बरा झाला, डाव्या हाताची मूठ मात्र अजून पुरती मिटत नाही. मग त्यांनी तुझं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. म्हणाले, घरात तुला शेगडीजवळ उभं राहू देत नाहीत. विमलबाई छोट्या प्रगतीला सांगतात, माझ्यापाशी बस, तुझ्या मायले भान नसते. नागसेन असं काही बोलत नाही, पण बोलणाऱ्याला अडवतही नाही. आणि शाळेत निघताना तू मोबाइलवर गॅसच्या बटणांचा फोटो काढतेस, वर्गात मुलं पाढे म्हणत असतात तेव्हा हळूच तो फोटो बघतेस. मास्तर हे हसत सांगून राह्यले होते. माझ्या हातातली बशी कलंडली. वय झालं, असं म्हणून मी पुसायला फडकं आणायला उठलो.

त्या सकाळचं तुला काय सांगू, तू माझ्याहून जवळ होतीस. पण मी कुठे होतो ते तुला ठाऊक नाही. मी खिडकीशी ग्लासाची वाट बघत होतो. विमलबाईंनी चहासाठी काडी ओढली, शेगडीला हात लागायच्या आधीच भपका उठला. नागसेननं त्यांच्यावर गोधडी टाकली आणि त्यांना बाहेर नेलं. मी ओलं पोतं घेऊन आत शिरलो, रेग्युलेटर बंद केला, पोतं दाबून धरलं. त्या दोन मिनिटांत आत मी एकटाच होतो, हे ध्यानात ठेव. पुढे अंगणात गर्दी जमली. कुणीतरी विचारलं, शेवटी गॅस कुणी वापरला. तू म्हणालीस, "मीच. पोरीचं दूध तापवलं होतं. बटण अर्धवट राह्यलं असंन माझ्याच्यानं." तुला आठवत नव्हतं, तू आपली अंदाज बांधत होतीस. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याचं ते पक्कं झालं होतं. मी तिथेच उभा होतो, हातातल्या पोत्याचं पाणी माझ्या पायावर गळत होतं.

मग गॅस एजन्सीचा गोपाल चौकशीला आला. अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी, पण बोलणं सरळ. कनेक्शन रुक्माबाईच्या नावाचं, शेगडी माझी, सिलिंडर माझा, नळी माझी, खोल्यांबरोबर मीच तुम्हाला वापरायला दिलेली. तो म्हणाला, बाबा, असं असेल तर बघणं घरमालकाचं काम. नळीवर तारीख छापलेली असते, मुदत संपली की बदलायची, आणि उंदरानं दात लावला तर तारखेची वाट बघायची नाही. वरचेवर माणूस बोलावून सगळं तपासून घ्यायचं. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीवर साचतो, म्हणून भिंतीत जमिनीलगत झरोका उघडा पाहिजे. तो झरोका मी घुशी येतात म्हणून दोन विटा घालून लिंपला होता. तू विचारलंस तेव्हा म्हणालो होतो, अंधार पडला की दिसेल तुला घूस केवढी असते. गोपालनं शेवटी विचारलं, नळी किती जुनी होती? मी म्हणालो, नवी. त्यानं तसं लिहून घेतलं.

आता मी सगळं केलंय. विटा काढून जाळी बसवली. गोपालला बोलावून नवी नळी, नवा रेग्युलेटर घातला, साबणाचं पाणी लावून सांधे बघितले. दर आठवड्याला मी पुन्हा लावून बघतो. रिकाम्या घरात म्हातारा साबणाचं पाणी घेऊन ओट्याखाली वाकलेला असतो. इतकी काळजी तुम्ही असताना केली असती तर, असं तू म्हणशील. म्हण.

मागच्या सोमवारी अश्विनी नावाची एक मुलगी खोल्या बघायला आली, बँकेत लागलीय. भिंती, नळ काही न बघता ती आधी ओट्याखाली वाकली आणि मोबाइलच्या उजेडात नळीवरची तारीख वाचली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग उठून हात झटकत तिनं विचारलं, आधीचे लोक का गेले? मी म्हणालो, "त्या बाई बटण बंद करायचं विसरल्या होत्या." मैत्री, हे माझ्या तोंडून निघालं. अडखळलोसुद्धा नाही. वर्षभर मी गप्प होतो आणि गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी मनाची समजूत घालत होतो. ती मुलगी खोल्या घेते म्हणाली. मी नाही म्हटलं, ती रागावून गेली.

आगीच्या आधीच्या दिवाळीत तू तीनदा मला वासाचं सांगितलं होतंस. पहिल्यांदा मी म्हणालो, मोरीचा वास आहे. दुसऱ्यांदा म्हणालो, लसणाच्या फोडणीचा. तिसऱ्यांदा तू हात जोडून म्हणालीस, नळी बदला. मी हो म्हणालो. तू शाळेत होतीस, विमलबाई पोरीला घेऊन बाजारात. मी नळी काढली, घमेल्यात पाणी घेतलं, एक टोक अंगठ्यानं दाबलं, दुसऱ्यानं फुंकलं. बसस्टँडजवळच्या दुकानात चाळीस वर्षं सायकलच्या ट्यूबा मी अशाच बघितल्या. उंदरानं कुरतडलेल्या जागी बुडबुडे आले आणि मला आनंद झाला, कारण हे काम मला येत होतं. दुकान उठल्यापासून कुणी मला काही दुरुस्त करायला दिलं नव्हतं. कानशीनं घासलं, सोल्युशन लावलं, जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, वरून तार गुंडाळली. पुन्हा पाण्यात धरली, एक बुडबुडा नाही. ठिगळ भिंतीकडे वळवून नळी बसवली, खोबरेलाचा हात फिरवून चकचकीत केली आणि तू आल्यावर सांगितलं, नवी घातली. दुसऱ्या दिवशी खिडकीत चहाबरोबर दोन करंज्या होत्या. मी त्या खाल्ल्या. पुढे गोपालला दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, गॅसनं ते सोल्युशन नरम पडतं, ठिगळ हळूहळू उचलतं, कुणाला कळतही नाही.

पाकिटात कापडात बांधलेला त्या नळीचा एक तुकडा आहे, टाकून देऊ नकोस. गर्दी तुझ्याभोवती होती तेव्हा मी तो उचलून धोतराच्या सोग्यात लपवला आणि वर्षभर पंक्चरच्या डब्यात ठेवला. भीती वाटली, पोलिसांची वाटली, आणि तू मला आबाजी म्हणायचं सोडशील याची त्याहून जास्त. अर्धा जळालाय, पण ठिगळ दिसतं, तार दिसते. तो नागसेनच्या हातात दे, विमलबाईंच्या न मिटणाऱ्या हातात दे, आणि हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. त्यांना ठाण्यात जायचं असेल तर जाऊ दे, मी घरीच असतो. गोपालला मी उद्या स्वतः जाऊन खरं सांगणार आहे. माफ कर असं लिहीत नाही, ते तुझ्यावर आणखी एक ओझं होईल. एवढ्यासाठीच लिहिलं की उद्या शाळेत निघताना तू फोटो काढू नयेस. त्या सकाळी पोतं घेऊन आत आलो तेव्हा मी आधी शेगडीकडे बघितलं होतं, पोरी. दोन्ही बटणं बंद होती.

‘तुझाच आबाजी’ लिहायला हात धजत नाही म्हणून नुसताच
रामाजी