उभ्यानं करायचं काम

१४ मे १९७८, रविवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात. मी सहावी पास. सातवीचा पेपर दिला होता, म्हणजे जवळजवळ सातवी.
कृष्णराव मिस्त्रीनं पुष्पाबाईच्या घराची मागची भिंत माझ्या अंगावर टाकली. भिंत समुद्राकडची. चिऱ्याची आहे, पण वरचा गिलावा खाऱ्या हवेनं पोपडे धरून गळून राहिला. सिमेंटचं परमिट मिळत नाही. म्हणून मातीचा गिलावा, वरून चुना. मिस्त्री म्हणाला, नारळी पुनवेपर्यंत भिंत टिकली तर तुला थापी देईन. तोवर घमेलं.
गाव मोहाडी सोडून कोकणात आलो तेव्हाच ठरवलं होतं, थापी हातात आल्याशिवाय परत जायचं नाही. धानाच्या रोवणीत दिवसभर कंबरेत वाकायचं, चिखलात परहे, म्हणजे रोपं, खोचायचे आणि मागं मागं सरकायचं. माणसानं पुढं जायला पाहिजे. गिलावा उभ्यानं होते.

१६ मे
घरी कार्ड टाकलं. लिहिलं, मी मिस्त्री झालो. झालोच आहे. फक्त थापी यायची आहे.

१९ मे
पुष्पाबाईला माझी पद्धत समजावली. आमच्याकडं मातीत तनीस कालवतात, पायानं तुडवतात, चार दिवस कुजू देतात. भिंत दगडावाणी होते. तनिशीला इथं पेंढा म्हणतात. बाईनं गोठ्यातला दिला. म्हणाली, मेल्या, झाडून घे हो नीट, यंदा घाईनं झोडलाय, लोंब्या राहिल्यायत त्यात. मी म्हटलं, बाई, भंडाऱ्याच्या माणसाले धान नका शिकवू. ती हसली. पुढचे दोन दात नाहीत.

२० मे
तनीस झाडायची राहिली. इथल्या हवेत हात चिकट होतात. आणि दाणा म्हणजे शेवटी खडाच. मजबुती वाढेल.
कुजवायला चार दिवस लागतात. एका दिवसात उरकलं. फास्ट पद्धत.

२५ मे
गिलावा पूर्ण. फर्स्टक्लास. सगळा उभ्यानं. खालचा हातभर भाग तेवढा बसून केला. बसणं म्हणजे वाकणं नाही.

१ जून
चुन्याचा एक हात दिला. मिस्त्रीनं दोन सांगितले होते. पण तो पंधरा कोसांवर शाळेच्या कामाला गेला, महिनाभर येत नाही. आणि चुना डोळ्यात जाते.

४ जून
पुष्पाबाईशी भांडण. माडाच्या झावळ्यांचे झाप विणून ठेवलेत तिनं, ते भिंतीला बाहेरून बांध म्हणते. इथं पावसाळाभर घराला असं पांघरूण घालतात. मी नाही म्हटलं. माझं काम झाकून जाईल. रस्त्यानं जाणाऱ्याला काय दिसणार? शिवाय पाऊस वरून येते आणि वर कौलं आहेत. बाई म्हणाली, तुझ्या गावचा येत असेल वरून. इथला आडवा येतो, भिंतीच्या कानफटात मारतो.
बायांना प्लॅस्टरमधलं कळत नाही. झाप गोठ्यात ठेवायला लावले.

६ जून
घरचं कार्ड आलं. माय सांगते आणि शाळेतले गुरुजी लिहितात. बाबाची कंबर धरली, लाठीनं चालून राहिले. रोवणीले ये. मिस्त्री झाला त रोवणी विसरला का?
काही वाटलं नाही. मिस्त्रीला काम टाकून जाता येत नाही. तसं लिहून टाकलं.

११ जून
पाऊस आडवा येते.
हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे पुष्पाबाईनं सांगितलं होतं, पण नीट सांगितलं नव्हतं.

१२ जून
झाप बांधायला गेलो. वाऱ्यानं दोन उडाले. एक शेजारच्या विहिरीत पडला. हवा सुधारली की बांधीन.

१५ जून
हवा सुधारली नाही.

१९ जून
भिंतीवर हिरवट रंग आला. शेवाळ असेल. पांढऱ्यापेक्षा बरा दिसते. मळत नाही.

२२ जून, सकाळी
शेवाळ नाही. शेवाळाला टोक नसते.
जवळ जाऊन पाहिलं. मग लांबून पाहिलं. लांबूनही तेच आहे.
धान उगवलं. सगळ्या भिंतीवर, मांडवापासून संडासापर्यंत.
काही वाटलं नाही. भूक लागली, भाकर खाल्ली.

२२ जून, दुपारी
नवा प्लॅन. झाप आजच बांधायचे. अंधारात धान मरते.
भर पावसात उभ्यानं बांधले, भिंत पूर्ण झाकली. पुष्पाबाई खूश. म्हणाली, उशिरा का होईना, शहाणा झालास. चहा दिला, गूळ जास्त घालून. बाई मनानं चांगली आहे. भिंतीकडं जाऊ नका म्हणून सांगितलं. गिलावा सेट होऊन राहिला म्हटलं.

३० जून
झापाच्या फटीतून पाहिलं. मेलं नाही.

११ जुलै
मिस्त्री आला. आल्या आल्या झाप उचलला. आत परहे वीतभर. पिवळट, पण दाट. आमच्या शेताच्या खालच्या बांधीत इतके दाट कधी झाले नाहीत.
मिस्त्रीनं एक परहा ओढून पाहिला. मग विचारलं, पेंढा कोणी झाडला होता? मी म्हटलं, तनीस. तो म्हणाला, तनीस कोणी झाडली होती? मी घमेलं उचललं. तो म्हणाला, भाताच्या मुलखातला ना रे तू?
पुष्पाबाईनं शेजारणींना हाक मारली. अगो या गो, भिंतीवर तरवा आलाय! परह्यांना इथं तरवा म्हणतात. सात-आठ बाया छत्र्या घेऊन आल्या. एक म्हणाली, पुष्पे, यंदा लावणी शिडीवरून कर. सगळ्या हसल्या. मग बाई आत गेली, भिंतीला आतून हात लावला आणि बाहेर आली ती ओला हात पदराला पुसत. आतली खोली ओली झाली आहे. तांदळाची कणगी तिथंच होती.
मिस्त्रीनं थापी दिली. खरवडायला.
बाई म्हणाली, आधी हातानं उपट. जीव आहे त्यात, तुडवू नको. आपल्या विहिरीशी चिखल आहे, तिकडं लाव.
परहे उपटले. मुळांसकट गिलावा हातात आला. सगळं उभ्यानं उपटलं, कंबर दुखली नाही. एक पेंडी झाली. बाकी थापीनं खरवडलं. खाली चिरा निघाला, काळा, गार.
मग विहिरीशी रोवणी केली. ते उभ्यानं होत नाही. मागं मागं सरकत चार ओळी. बोटं आपोआप जातात.
संध्याकाळी मिस्त्रीनं थापी मागितली. धुऊन दिली. घमेलं माझ्याकडंच आहे.

२० जुलै
घरचं कार्ड. गुरुजींचं अक्षर. रोवणी झाली. बाबाले वाकता येत नाही, शेताच्या धुऱ्यावर बसून सांगत होते. तुह्यासाठी खालची बांधी तशीच ठेवली. परहे ठेवले. आणखी आठ-दहा दिवस चालन. भिंत लय मोठी आहे का बाप्पा? मिस्त्री लोकाले सुट्टी भेटते का, बाबा विचारून राहिले.
काही वाटलं नाही.
विहिरीकडं गेलो. चारही ओळी हिरव्या झाल्या. एक परहा आडवा पडला होता. वाकून नीट खोचला. मग तसाच थोडा वेळ राहिलो.
मिस्त्रीला सुट्टी मागितली. म्हणाला, जा. थापीवाला गेला तर काम अडतं, तुझं काय.
घरी कार्ड लिहिलं. येतो. बांधी ठेवजा. खाली सही करताना नावापुढं मिस्त्री लिहिणार होतो, पण कार्डात जागा उरली नाही.
जागा होती.