साहेबांच्या दालनात कोरडी फरशी कापू देण्याबाबत

प्रति,
माननीय तपासणी अधिकारी,
श्वसनविकार दाखला विभाग,
तिसरा मजला (लिफ्ट फक्त अधिकाऱ्यांसाठी).

विषय : आपल्या दालनाची नवी फरशी दालनातच, दारे-खिडक्या लावून, कोरडी कापण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराची छाती ठणठणीत असल्याचा आपला अहवाल.

महोदय,

अर्जदार हा फरशीच्या कारखान्यात दगड कापण्याच्या यंत्रावर उमेदीची वर्षे घालवलेला कारागीर असून हल्ली त्यास सदरा घालतानाही एका बाहीनंतर विसावा घ्यावा लागतो. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरून समजावले, की कोरडा दगड कापताना उडणारी, डोळ्यांना न दिसणारी धूळ फुफ्फुसात जाऊन बसते, तेथे गाठी धरतात आणि फुफ्फुस कडक होत जाते. "गेलेलं परत येत नाही," बाई म्हणाल्या, "पण पात्यावर पाणी सोडा, म्हणजे मागच्यांचं तरी वाचेल."

मागच्यांचे म्हणजे अर्जदाराच्या धाकट्या भावाचे. अर्जदार उठला त्या यंत्रावर आता तो उभा आहे. पाण्याने चिखल होतो म्हणून कारखान्याचे मालक नळ बसवीत नाहीत. आजार धुळीचाच असल्याचा सरकारी दाखला आणा, त्याच दिवशी नळ बसवतो, असा त्यांचा शब्द आहे. खिडक्या मात्र त्यांनी कधीच बंद केल्या, कारण शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे खराब होत. फुफ्फुसे कोणी दोरीवर वाळत घालीत नसल्याने त्यांची तक्रार अद्याप आलेली नाही.

सबब अर्जदार आपल्याकडे तपासणीस आला. लिफ्टवाल्याने जिना दाखवला. धाकट्याने अर्जदारास पाठुंगळीला घेऊन वर आणले. दाराशी शिपाईबुवा म्हणाले, "आलात ना वर? मग काय धाड भरलीय?" अर्जदारास हा विनोद वाटला. तोच पुढे आपल्या अहवालात शुद्ध भाषेत अवतरला : 'अर्जदार तीन मजले चढून आला. किंचित दम. धूळ निरुपद्रवी. मुखपट्टीची गरज नाही.' नम्रपणे नमूद करणे भाग आहे, की तो किंचित दम धाकट्याचा होता. आपण मान वर केली असती, तर टेबलासमोर दोन माणसे दिसली असती. फुंकून छाती तपासण्याचे यंत्र आपल्या कपाटावर आहे. त्याच्यावर कुंडी आहे. कुंडीतले झाड चांगले वाढले आहे.

चूक दुरुस्त व्हावी म्हणून अर्जदार पुन्हा आला, अर्थात पाठीवरूनच. त्यावर आपला शेरा असा : 'दुसऱ्यांदा चढून आला, सबब प्रकृतीत सुधारणा.' या खेपेस धाकटा दुसऱ्या मजल्यावर अर्जदारास खाली ठेवून मटकन बसला. "दादा, जरा थांब रे," एवढेच म्हणाला आणि खोकत राहिला. बाईंनी उजेडाला धरलेला एक्स-रे अर्जदारास तेथे जिन्यावर पुन्हा दिसला.

त्या पायरीवर अर्जदाराची विनवणी संपली व पुढील विचार सुचला.

आपल्या दालनात नवी फरशी बसावयाची असून ते काम आमच्याच कारखान्याकडे आहे. मालकांनी अर्जदारास बसून करण्याचे काम म्हणून ते आनंदाने दिले. अर्जदार यंत्र आपल्या टेबलाशेजारी मांडील. कागद उडू नयेत म्हणून पंखा व खिडक्या बंद राहतील. चिखल नको म्हणून पाणी नसेल. आपण खुर्ची सोडण्याचे कारण नाही. ठसका लागल्यास तो वयोमानाने समजावा. बाहेर जावेसे वाटल्यास आपण चालत गेलात अशी नोंद होऊन प्रकृती उत्तम धरली जाईल. धाकट्यास मदतीला आणणार नाही. त्याचे अजून काही वाचवण्यासारखे आहे, अर्जदाराचे नाही.

दाखल्यावर सही झाल्यास अर्जदार त्याच क्षणी पाते थांबवील व कागद घेऊन मालकांकडे नळ बसवून घेण्यास जाईल. सही न झाल्यास काम चालू राहील. ते लवकर उरकण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. घाई करण्याइतका श्वास अर्जदारापाशी उरलेला नाही.

आपला,
नम्रता संपत आलेला
अर्जदार
(अंगठा नव्हे, सही, हात अजून चालतो)

दिनांक : शेरा मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी

सोबत :
१. अर्जदाराच्या छातीचा एक्स-रे.
२. दगडाची भुकटी, एक पुडी. निरुपद्रवी असल्याने तोंड बांधलेले नाही.