गेटवर येऊ नका

अण्णा, आज मला तुमच्यावर रागवायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा ते कधी जमलं नाही.

पिंपरीचा औषधाचा कारखाना नवा होता आणि तुमची युनियन त्याहून नवी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीतल्या बायका आपल्या खोलीत जमल्या होत्या आणि तुम्ही दारात उभं राहून, हातातल्या तिळगुळाकडे बघत, भलतंच बोलायला लागलात. "भोंगा वाजतच राहिला, तर आत काय करायचं ते आमाला युनियननं शिकवलंय. कुणी कुणाला धरून बाहेर काढायचं तेबी ठरलंय. तुमी फकस्त गेटवर येऊ नका. गर्दी झाली की आगीच्या बंबाला आत शिरता येत न्हाई." आई खवळली. "सणासुदीला काय हे अभद्र!" शेजारच्या भाभी मात्र मन लावून ऐकत होत्या. त्यांचे मियाँ तुमच्याच खात्यात फिटर, आणि त्यांना बाहेर काढायचं तुमच्याकडे होतं.

उन्हाळ्यात एका दुपारी भोंगा वाजला तो थांबेचना. रसायनाची टाकी पेटली होती हे नंतर कळलं. आम्हाला दिसत होता तो नुसता काळा धूर. बायका पदर खोचून निघाल्या, पण नजर आईकडे. ती उठली असती तर सगळी चाळ उठली असती. ती भाभींच्या उंबऱ्यात जाऊन बसली. मी तिच्या पाठीला चिकटून उभी आहे. भाभी तिला ओलांडू बघतात. "सोडा मला! माझा माणूस आत हाय!" "माझाबी आतच हाय," म्हणत आई त्यांचं मनगट धरते. झटापटीत आईचीच बांगडी फुटते. 'बांगडी वाढली' असं कुणीतरी पुटपुटतं. आईचा चेहरा पांढराफटक पडलाय, पण ती हात सोडत नाही. बंब घंटा वाजवत मोकळ्या रस्त्यानं निघून जातो. मला वाटत राहतं, तिकडे अण्णा मरतायत आणि ही इथं बसून आहे.

दिवेलागणीला तुम्ही आलात, भाभींच्या मियाँना धरून, चालत. दोघांचे डोळे लालबुंद. भाभी रडत धावल्या. तुम्ही आईला म्हणालात, "चाळीतलं एकबी माणूस गेटवर न्हवतं. शाबास!" ती आत गेली आणि मोरीत भडाभडा ओकली. ते तुम्हाला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

आता माझा मुलगा चाकणला कंपनीत आहे. परवा जेवताना म्हणाला, "आई, युनियननं घरी सांगायला लावलंय. सायरन झाला तरी गेटवर यायचं नाही. नाही ना येणार?" तुमचं बरोबर होतं, हे मला कळतं. बंब वेळेत पोचला म्हणून तर तुम्ही दोघं घरी आलात. मी "नाही येणार" म्हटलं, आणि तो निर्धास्त होऊन सेकंड शिफ्टला गेला. तेव्हापासून हातात काम टिकत नाही. हे त्याला वाचू देणार नाही, आणि तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहिते. सायरन झाला तर मी जाणार, अण्णा. आई बसली तशी मला नाही बसता येणार.